आधी बॉम्ब दाखवा!

ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ ईव्हिल’ची (१९५८) सुरुवात आठवा. एक हात टाइमबॉम्बचे घड्याळ लावतो, बॉम्ब मोटारीच्या डिकीत ठेवतो. मग तीन मिनिटांहून अधिक काळ, एकाही कटाशिवाय, कॅमेरा सरहद्दीकडे सरकत राहतो. मोटारीच्या आसपास नवविवाहित जोडपे मजेत चालले आहे. त्यांना ठाऊक नाही, आपल्याला आहे! १९९८च्या आवृत्तीत, वेल्सच्याच टिपणानुसार, या दृश्यावरची श्रेयनामावली व पार्श्वसंगीत काढले. रस्त्यावरचे आवाज उरले आणि ताण उलट वाढला.

बँकेत एकदा कॅश कमी भरल्याचे मला आधी कळले. कॅशियर मात्र हसत हसत आवराआवर करत होता. ती धडधड विसरलेलो नाही. तरी कादंबऱ्यांत मी वाचकापासून सारे लपवतच राहिलो. चुकलेच माझे. दचकवणे सोपे असते. धास्ती लावायची तर वाचकाला आधी विश्वासात घ्यावे लागते.