खालूंना आलेला फोन आणि हनोईतला करार

माझे खालू जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. हिशेबाचे पक्के. भाजीवाल्याकडून दोन रुपये परत घ्यायला विसरणार नाहीत आणि कुणाचे दोन रुपये ठेवूनही घेणार नाहीत. हा माणूस गेल्या वर्षी दोन दिवस स्वतःच्याच घरात, आतल्या खोलीचं दार लावून, मोबाइलसमोर बसून राहिला. पडद्यावर पोलिसाच्या गणवेशातला एकजण होता, त्याच्या मागे भिंतीवर राजमुद्रा. तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून दहशतवाद्यांना पैसे गेले आहेत, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, घरात कुणाला सांगायचं नाही. खालूंनी जोहरची नमाजसुद्धा त्या माणसाची परवानगी मागून पढली. आणि हजसाठी बाजूला ठेवलेले सहा लाख ऐंशी हजार रुपये ‘तपासणीसाठी’ पाठवून दिले.

डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट भारतीय कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये हे सांगितलं, नंतर कुणालाही फोन लावला की आधी तीच सूचना ऐकू यायची. खालूंनीही ती ऐकली होती. मी त्यांना जरा चिडूनच विचारलं, की तुम्ही एवढे शिकलेले, मग? ते म्हणाले, “अरे, तो दहशतवाद्यांना पैसे म्हणाला. आपलं नाव बघून हे खोटं आहे असं कोण म्हणणार? मी म्हटलं पैसे गेले तर गेले, पोराची नोकरी राहू दे.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. २००६च्या मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्यात जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बाराही आरोपींना निर्दोष ठरवलं, तेव्हा एकोणीस वर्षं उलटून गेली होती. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे, तो भाग वेगळा. पण खालूंच्या पिढीने ही एकोणीस वर्षं पाहिली आहेत. चोर कुणाला अंमली पदार्थांच्या पार्सलची भीती घालतो, कुणाला मनी लाँडरिंगची. आमच्यासाठी कोणती पुरेशी होईल हे त्याला शोधावं लागलं नाही.

आता तो फोन आला कुठून? पहिला कॉल आला तेव्हा पडद्यावर +९१ने सुरू होणारा आपल्याकडचा नंबर होता. यातली गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की फोन करणाऱ्याचा नंबर हा पाकिटावर लिहिलेल्या पाठवणाऱ्याच्या पत्त्यासारखा असतो. जिथून पाकीट निघालं तिथल्या नेटवर्कने जो लिहिला तोच पुढच्यांनी खरा मानायचा. ही व्यवस्था टेलिफोन कंपन्या मोजक्या, बहुतेक सरकारी आणि एकमेकांच्या ओळखीच्या होत्या त्या काळातली. त्यामुळे परदेशात बसलेला माणूस भारतीय नंबर लिहून कॉल पाठवू शकत होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये दूरसंचार विभागाने असे कॉल अडवणारी यंत्रणा सुरू केली, तेव्हा पहिल्या चोवीस तासांतच सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल खोट्या भारतीय नंबरचे निघाले. दार लागलं तसे चोर खिडकीकडे वळले. काहींनी आपल्याच देशात सिमबॉक्स बसवले, परदेशातला कॉल इंटरनेटवरून आणायचा आणि इथल्या सिममधून पुढे सोडायचा.

आम्ही १९३०ला कळवलं, जिल्ह्याच्या ठिकाणी तक्रार दिली. थोडे पैसे गोठवले गेले. तिथले अधिकारी सौजन्याने बोलले. त्यांनी कागदावर रेघा ओढून दाखवलं, की पहिलं खातं दुसऱ्या राज्यातल्या एका मजुराच्या नावावर, तिथून अकरा खाती, तिथून क्रिप्टो. “यापुढे आमचा हात पोचत नाही,” असं म्हणून त्यांनी पेन टोपणात घातलं.

हात पोचत नाही तो प्रदेश कोणता, हे आता गुपित राहिलेलं नाही. म्यानमारच्या थायलंडला लागून असलेल्या म्यावाडी भागात, कंबोडियात, लाओसमध्ये कुंपणं घातलेल्या वसाहती आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने २०२३ मध्ये अंदाज दिला होता, की म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसं अशा ठिकाणी डांबून ठेवलेली असू शकतात. त्यांच्याकडून जबरदस्तीने फसवणूक करून घेतली जाते. यांत भारतीय पोरंही आहेत, थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी म्हणून गेलेली. मार्च २०२५ मध्ये वायुसेनेच्या दोन विमानांनी ५४९ भारतीयांना परत आणलं. मला सारखं वाटत राहतं, की खालूंना धमकावणारा तो गणवेशातला मुलगा कदाचित स्वतःच कुठेतरी कोंडलेला असेल आणि त्याच्याही मागे दंडुका घेऊन कुणी उभा असेल. खालूंना मी हे बोललो तर ते म्हणाले, “हिंदी चांगलं होतं त्याचं.”

म्हणजे चोर एका देशात, त्याचा मालक दुसऱ्या, सर्व्हर तिसऱ्या आणि लुटला गेलेला चौथ्या. एका देशाचे पोलीस दुसऱ्या देशाकडे पुरावा मागणार तो गृहमंत्रालय, परराष्ट्र खातं, तिकडचं न्यायालय असा फिरत. तोवर सर्व्हरवरच्या नोंदी पुसल्या गेलेल्या असतात. १ डिसेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल अरेस्टच्या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे दिला, हे चांगलंच झालं; पण सीबीआयलाही सीमा ओलांडायला करारच लागणार.

असा एक करार २००१पासून आहे, बुडापेस्टचा. सुमारे ऐंशी देश त्यात आहेत, भारत नाही. तो बनवताना आम्हाला विचारलं नव्हतं, ही आपली जुनी तक्रार. मग रशियाच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांत दुसरा करार लिहायला घेतला गेला. २४ डिसेंबर २०२४ला आमसभेने तो मंजूर केला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हनोईत साठहून अधिक देशांनी त्यावर सह्या केल्या. चाळीस देशांनी आपापल्या संसदेतून वगैरे पक्का केला की तो लागू होईल. त्यात चोवीस तास चालणारे संपर्क कक्ष आहेत, पुरावा तातडीने जपून ठेवण्याची तरतूद आहे. खालूंच्या कागदावरची रेघ जिथे थांबली तिथून पुढे जायला हेच लागतं. या मर्यादेत मी त्या कराराच्या बाजूचा आहे.

पण त्यात आणखीही काही आहे. सायबर गुन्ह्यापुरतंच नव्हे, तर कमाल शिक्षा चार वर्षं किंवा त्याहून जास्त असलेल्या कोणत्याही गुन्ह्यासाठी एक देश दुसऱ्याकडे इलेक्ट्रॉनिक पुरावा मागू शकतो. आणि गुन्हा कशाला म्हणायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १५२ला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे आणि ते फेसबुकवरच्या पोस्टलाही लावता येतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये न्यूयॉर्कला मसुद्यावर शेवटची चर्चा चालू होती. मसुद्यात एक वाक्य होतं, की या कराराचा अर्थ अभिव्यक्ती, सदसद्विवेक, मत, धर्म अशी स्वातंत्र्यं दडपायची मुभा असा लावता येणार नाही. हे वाक्य काढून टाका, अशी मागणी इराणने केली. स्वतःला इस्लामी प्रजासत्ताक म्हणवणारा देश धर्मस्वातंत्र्याचं वाक्य खोडायला उभा राहिला, याची आपल्या मोहल्ल्यात कधी चर्चा झाली नाही. मतदान झालं. विरोधात १०२, बाजूने २३. त्या तेवीसमध्ये रशिया होता, सीरिया होता, उत्तर कोरिया होता आणि भारतही होता. वाक्य वाचलं, पण ते आपल्या मतामुळे नाही.

यावर आपल्यातले काहीजण म्हणतील, बघा, म्हणूनच असले करार नकोत. मला ते पटत नाही, पण त्यांच्या भीतीला आधार आहे. कोकणातल्या ज्या घरांतून माणसं आखातात गेली आहेत त्यांना दूरसंचार धोरण पुस्तकातून शिकावं लागत नाही. दुबईतल्या मुलाशी व्हॉट्सॲपवर चॅट होतं पण कॉल लागत नाही, म्हणून आईच्या मोबाइलवर बोटिम टाकावं लागतं. एप्रिल २०२० मध्ये मुसलमानांबद्दल गरळ ओकणाऱ्या काही भारतीयांच्या तिथल्या नोकऱ्या गेल्या, तेव्हा आपल्या ग्रुपवर स्क्रीनशॉट नाचत होते. मीही दोन-तीन पुढे ढकलले, बरं वाटलं होतं. नंतर अहमद मन्सूरविषयी वाचलं. त्याच देशातला मानवी हक्क कार्यकर्ता. २०१६ मध्ये त्याच्या आयफोनवर पेगासस सोडण्याचा प्रयत्न झाला आणि २०१८ मध्ये समाजमाध्यमावरच्या लिखाणाबद्दल दहा वर्षांची शिक्षा. माझ्या विरोधकाची नोकरी घालवणारी आणि मन्सूरला आत टाकणारी नजर एकच आहे, हे कळायला मला वेळ लागला.

एके काळी भारताने याबाबत बरा विवेक दाखवला होता. डिसेंबर २०१२ मध्ये दुबईतच आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची परिषद भरली होती. हा संघ १८६५चा, तारयंत्राच्या जमान्यातला. आपला ९१ आणि अमिरातीचा ९७१ हे आकडे त्याच्याच पद्धतीतले. त्या परिषदेत नव्या नियमांवर ८९ देशांनी सह्या केल्या. सुरक्षा आणि स्पॅमच्या नावाखाली इंटरनेटवर सरकारांचा ताबा येईल, अशी शंका अनेकांना होती. ५५ देशांनी तिथे सही केली नाही, त्यांत भारत होता.

म्हणून माझं मागणं दोन्हीकडचं आहे. चोराला पकडायला परदेशाशी हात मिळवा, पण आपली माहिती कुणाला, कोणत्या गुन्ह्यासाठी दिली हे तपासणारा न्यायाधीश मध्ये ठेवा. धर्म किंवा राजकीय मतामुळे कुणाला छळण्यासाठी मदत मागितली जात असेल तर नकार द्यायची मुभा करारात आहे. ती वापरायला देशात यंत्रणा कुठे आहे? २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सरकार स्वतःच्याच यंत्रणांना अधिसूचना काढून सूट देऊ शकतं. घरच्या कुलपाची ही गत असताना शेजाऱ्याला किल्ली देताना विचार करायला नको?

गेल्या महिन्यात जुम्म्यानंतर मशिदीच्या ओसरीवर मी या फसवणुकीबद्दल दहा मिनिटं बोललो. कुणालाही व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही, लगेच १९३० लावा, लाजू नका, एवढंच. बोलणं संपल्यावर तिघेजण बाजूला येऊन भेटले. तिघांचेही पैसे गेले होते, एकाने बायकोलाही सांगितलं नव्हतं. तक्रार का केली नाही विचारलं, तर एक म्हणाला, पोलीस ठाण्यात जाऊन दहशतवाद हा शब्द मीच पहिल्यांदा उच्चारू का?

खालूंचे गोठवलेले एक्क्याण्णव हजार अजून मिळायचे आहेत. शारजाहून मुलाचा व्हिडिओ कॉल आला की ते आधी कॅमेऱ्यावर बोट ठेवतात, आवाज ओळखीचा वाटला तरच काढतात. परवा त्यांच्याकडे गेलो तेव्हा मुलगा तिकडून सलाम करत होता आणि हे विचारत होते, “आधी सांग, तुझ्या नानीचं नाव काय?”