आधी आपला पत्ता, मग गिऱ्हाइकाचा नंबर

इचलकरंजीतील सुती कापडाची एखादी पेढी डोळ्यांसमोर आणावी. वडील गादीवर, धाकटा मुलगा संगणकापुढे. मुलाने जाहिरात दिली आहे: ‘केंब्रिक, ठोक भावात’. फोनवर ती जाहिरात पाहून परगावचा दुकानदार ज्या पानावर येऊन पोहोचतो, ते लँडिंग पेज मोठ्या हौसेने सजवलेले असते. वर पेढीच्या स्थापनेचा इतिहास, हार घातलेली आजोबांची तसबीर आणि खाली रकान्यांची रांग: नाव, दुकान, पत्ता, ईमेल, जीएसटी क्रमांक, वार्षिक उलाढाल. जाहिरातीचे पैसे रोज कापले जातात. पाहुणे येतात आणि नंबर न देताच परततात.

गादीवरच्या वडिलांनी मात्र कोणत्याही गिऱ्हाइकाला उंबऱ्यातच उलाढाल विचारलेली नसते. ते आधी पाणी पुढे करतात, तागा उलगडतात, हाताला पोत लागू देतात. गाव कोणते, हे त्यानंतर ओघाने येते. पानानेही हाच क्रम पाळावा. केंब्रिकसाठी आलेल्यास प्रथम केंब्रिकच दिसावे: पन्हा किती, सूत कोणत्या काउंटचे, किमान किती मीटर घ्यावे लागेल. आजोबांची तसबीर अवश्य असावी, पण खाली.

नंबर मागायचा तर त्याच्या बदल्यात काय मिळणार, हे स्पष्ट हवे. ‘सबमिट’ या कोरड्या शब्दाने कोणाचाही हात पुढे होत नाही. ‘आजचे भावपत्रक व्हॉट्सॲपवर पाठवा’ असे बटणावर लिहिले की देवघेव कळते. भावपत्रकाला नाव आणि नंबर पुरेत. शेड कार्ड टपालाने पाठवायचे असेल तरच पत्ता विचारावा. जीएसटी क्रमांकाची गरज बिलाच्या वेळी पडते. पहिल्या भेटीत तो मागितला तर पाहुण्यास पेढीत नव्हे, तपासनाक्यावर आल्यासारखे वाटते. ज्या रकान्याचे कारण सांगता येत नाही, तो काढून टाकावा. नंबरच्या रकान्यावर बोट ठेवताच फोनवर अंकांचीच कळपट्टी उघडावी, एवढी लहान सोयही उपयोगी पडते.

आणि मागणाऱ्याने आधी आपला ठावठिकाणा द्यावा. पेढीचा पूर्ण पत्ता, स्वतःचा जीएसटी क्रमांक, दुकानाचे खरे छायाचित्र, फोन उचलणाऱ्याचे नाव. विकत घेतलेल्या चित्रातील हसऱ्या परदेशी माणसांपेक्षा गोदामातील तागे अधिक विश्वास देतात.

काही पानांवर खोटे घड्याळ उलटे धावते, तर काहींवर नकाराच्या बटणावर ‘नको, मला नफा नको’ असे टोचणारे शब्द असतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीचे १३ प्रकार नमूद करून मनाई केली. कृत्रिम घाई आणि नकार देणाऱ्यास लाजवणे हे दोन्ही त्यांत आहेत. किरकोळ विक्री करणाऱ्यांनी ही यादी जरूर पाहावी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून बहुतेक बंधनांसाठी दीड वर्षाची मुदत आहे. संमती मोकळेपणाने, विशिष्ट हेतूसाठी आणि माहिती देऊन घेतलेली असावी, असे तो सांगतो. म्हणून बटणाखाली एक ओळ पुरे: ‘हा नंबर भावपत्रकासाठी, इतर कोणास दिला जाणार नाही.’ पुढील योजनांचे संदेश हवेत का, यासाठी वेगळी चौकट ठेवावी. तीत आधीच खूण करून ठेवू नये. ती खूण पाहुण्यानेच करावी.

खरी गफलत होते ती पान उत्तम झाल्यावर. रात्री आलेला नंबर तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी लक्षात येतो, तोवर त्या दुकानदाराने माल दुसरीकडून उचललेला असतो. सकाळी पेढी उघडताच आलेले नंबर कोणी पाहायचे आणि भावपत्रक कोणी धाडायचे, हे पान तयार होण्यापूर्वीच ठरवावे. तसेच, कोणी ‘माझा नंबर काढून टाका’ म्हटल्यास तो संगणकावरून पुसून भागत नाही. गुमास्त्याच्या फोनमध्ये तो असतो, दलालाला पाठवलेल्या यादीत असतो आणि पुष्कळदा गल्ल्याजवळच्या वहीच्या मागच्या पानावरही असतो. संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असावे, असे कायदा म्हणतो. तेव्हा ती वही कोणी उघडायची, हे वडील आणि मुलाने मिळून ठरवायचे आहे.