मोटारीतले पाणी आणि हमीचा कागद

पावसाळ्याचा दुसरा-तिसरा आठवडा उलटला की मोटारींच्या सर्व्हिस स्टेशनांवर एक ठराविक संवाद ऐकू येतो. गाडीत शिरताच कुबट वास येतो, पायाखालचे मॅट उचलले तर खालचे कार्पेट ओले लागते, हाताने दाबले तर पाणी निथळते. गाडी घेऊन वर्षही झालेले नसते आणि कर्जाचे हप्ते अजून चार-पाच वर्षे चालू राहायचे असतात. मालक हमीचे पुस्तक पुढे करतो. काउंटरवरचा कर्मचारी ते उघडतही नाही. 'पाणी बाहेरून आले आहे, हे वॉरंटीत बसत नाही,' एवढेच तो सांगतो आणि कार्पेट काढून, वाळवून, पुन्हा बसविण्याच्या खर्चाचा अंदाज लिहून देतो.

या उत्तरात एक भाषिक चलाखी आहे. मोटारीत येणारे पावसाचे पाणी बाहेरूनच येणार. ते आतल्या आत कसे निर्माण होईल? प्रश्न पाणी कोठून आले हा नसून ते आत का शिरू शकले हा आहे. छप्पर गळू लागले तर घर बांधणारा 'पाऊस माझा नव्हे' असे म्हणू शकत नाही. पाऊस बाहेर ठेवणे हे छपराप्रमाणेच मोटारीच्या सांगाड्याचेही काम आहे, आणि ग्राहकाने पैसे मोजले आहेत ते त्या कामासाठीही.

मात्र ते काम कसे चालते हे पाहिले की वाद दिसतो तितका सरळ नाही हेही ध्यानात येते. मोटार म्हणजे झाकण घट्ट लावलेला डबा नव्हे. तिच्या अंगावर पडणारे पाणी काही ठिकाणी आत घेऊन ठरलेल्या वाटेने बाहेर सोडावे अशीच तिची रचना असते. आता मध्यम किमतीच्या गाड्यांतही आलेले सनरूफ हे याचे उत्तम उदाहरण होय. त्याच्या काचेभोवतीचे रबर सगळे पाणी अडवीत नाही आणि तशी अपेक्षाही नसते. झिरपलेले पाणी चौकटीतल्या पन्हळीत जमते आणि बहुधा चार कोपऱ्यांतील चार बारीक नळ्यांतून, खांबांच्या पोटातून, चाकांच्या आसपास जमिनीवर पडते. नळी सांध्यातून निसटली, दुमडली वा कचऱ्याने तुंबली, की तेच पाणी छताच्या अस्तरात किंवा पायाखाली उतरते. बोनेट आणि पुढची काच यांच्यामध्ये वायपरखाली जी जाळीदार पन्हळ असते, तिचेही असेच. गुलमोहराखाली गाडी लावणाऱ्याला त्या जाळीवर पाकळ्यांचा आणि पानांचा थर काय असतो हे सांगायला नको. दारांच्या काचेवरून ओघळणारे पाणी दाराच्या पोटात जाते आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडते. ते गाडीत येऊ नये म्हणून दाराच्या आतल्या आवरणामागे प्लास्टिकचा एक पातळ पडदा चिकटवलेला असतो. तो एका कडेने सुटला तरी उंबऱ्याशी पाणी साचते. याखेरीज पत्र्यांच्या सांध्यांमधले सीलंट आहे, मागच्या दिव्यांचे गॅस्केट आहे, पुढच्या काचेचा चिकटा आहे.

आणि वातानुकूलन यंत्र आहे. हवेतील बाष्पाचे पाणी त्याच्या थंड जाळीवर जमते आणि एका नळीने गाडीखाली पडते. ती नळी अडली तर हेच पाणी डाव्या बाजूच्या पायांखाली येते. भर एप्रिलमध्ये, आकाशात ढग नसताना कार्पेट ओले होत असेल, तर 'बाहेरचे पाणी' हे उत्तर देणाऱ्याने जरा थांबून विचार करायला हरकत नसावी.

एवढ्या वाटांपैकी पाणी नेमके कोठे मुरते आहे, यावर हमीचा सगळा निवाडा अवलंबून असतो. नळी कारखान्यातच नीट बसविली गेली नसेल, सांध्यात सीलंट कमी पडले असेल, तर तो सरळ निर्मितीतला दोष आणि त्याची भरपाई हमीत यायलाच हवी. जाळीवर दोन पावसाळ्यांचा पाचोळा साचला असेल तर कंपनी तो मालकाचा हलगर्जीपणा म्हणणार, आणि त्या म्हणण्यात तथ्यही असेल. पण त्यालाही एक पोटप्रश्न आहे. या नळ्या आणि जाळ्या साफ कराव्यात असे सेवेच्या वेळापत्रकात लिहिले आहे काय? लिहिले असेल आणि गाडी प्रत्येक वेळी कंपनीच्याच अधिकृत सर्व्हिस स्टेशनात जात असेल, तर ते काम न करण्याचा दोष मालकाकडे कसा जातो? आणि लिहिलेलेच नसेल, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या नळीची निगा राखण्याची जबाबदारी मालकाला कोणी सांगितली?

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असे मानण्याचे कारण नाही. गाडी घेतल्या दिवसापासून बाहेरच्या दुकानात स्पीकर बसवायचे, त्यासाठी दारातला तो पडदा फाडायचा. वायर नेण्यासाठी रबराला भोक पाडायचे. जोरदार फवाऱ्याने इंजिन धुवायचे. आणि मग पाणी आले म्हणून हमी मागायची, हेही घडते. गुडघाभर पाण्यातून गाडी दामटल्यावर ती केवळ रिमझिम पावसात भिजली असे सांगणारेही असतात. तेव्हा प्रत्येक ओल्या कार्पेटला कंपनीच जबाबदार, असा उलटा नियम करून भागणार नाही. आक्षेप आहे तो कारण न शोधताच नकार देण्याला.

पुराची गोष्ट यापासून वेगळी ठेवली पाहिजे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य मोटारी पाण्यात बुडाल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळुणात तेच झाले. अशा नुकसानीचा हमीशी संबंध नाही. तो विम्याचा विषय. सर्वसमावेशक मोटार विम्यात पुराची जोखीम धरलेली असते. फक्त पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा मोह झाला आणि इंजिनात पाणी ओढले जाऊन ते निकामी झाले, तर विमा कंपनी त्याला परिणामी नुकसान म्हणून बाजूला काढते. त्यासाठी वेगळा हप्ता भरून इंजिनाचे जादा संरक्षण घ्यावे लागते. ते बहुतेकांना पूर ओसरल्यावर समजते.

खरी कोंडी होते ती मधल्या माणसाची. त्याची गाडी बुडालेली नाही. ती फक्त गळते आहे. विमा कंपनी म्हणते, हा अपघात नव्हे आणि पूरही नव्हे. झीज आणि यांत्रिक वा विद्युत बिघाड पॉलिसीत येत नाहीत. वाहन कंपनी म्हणते, हा बाह्य कारणाने झालेला बिघाड, विम्याकडे जा. दोन्ही कागदांवर त्याने सही केलेली असते, दोन्हींचे पैसे भरलेले असतात.

पूर्वी अशा गळतीने फार तर पत्रा गंजत असे. आजच्या मोटारीत कार्पेटखालून वायरिंगचे जाड जुडगे जातात, जोडण्या असतात. हवेच्या पिशव्या उघडण्याचा निर्णय घेणारे नियंत्रक यंत्र बहुधा दोन आसनांच्या मधल्या उंचवट्यात, कार्पेटच्या जवळच बसविलेले असते. ओलाव्याने जोडणीतल्या तांब्यावर हिरवट थर चढतो. त्याला वेळ लागतो. आज भिजलेली जोडणी सहा महिन्यांनी, कधी दोन वर्षांनी दगा देते. डॅशबोर्डवर कधी हा दिवा लागतो, कधी तो. आणि तोवर तीन वर्षांची हमी संपलेली असते. त्यामुळे पहिल्या पावसाळ्यात 'मॅट वाळवून दिले' एवढ्यावर समाधान मानणारा मालक आपल्या हाताने पुढचा हक्क सोडीत असतो. जॉबकार्डावर त्या दिवशी 'पाणी गळते' असे दोन शब्द लिहून घेतले गेले की नाही, यावर पुढे लाखाचा खर्च कोणी करायचा हे ठरू शकते.

या प्रश्नी कायदा काय म्हणतो? १९३० च्या माल विक्री कायद्यानुसार, विकत दिलेली वस्तू तिच्या हेतूला योग्य असावी ही अट काही परिस्थितीत न लिहिताही गृहीत धरली जाते. पण त्याच कायद्याने अशी गृहीत अट करारात स्पष्ट लिहून दूर सारण्याची मुभाही दिली आहे. हमीची पुस्तिका लिहिणाऱ्या वकिलांनी या मुभेचा पुरेपूर उपयोग केला आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सामान्य माणसाला दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या न चढता दाद मागण्याची सोय केली. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० मध्ये अमलात आला. त्यात अन्याय्य कराराची व्याख्या आली आणि उत्पादनाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आले. वापराच्या योग्य सूचना न देणाऱ्या उत्पादकालाही त्या प्रकरणात जबाबदार धरले आहे.

गळक्या मोटारीच्या मालकाला वाटावे की आपल्यासाठीच हे लिहिले. तेथेच मेख आहे. या प्रकरणात भरपाई मिळते ती 'हानी'ची, आणि हानीच्या व्याख्येतून खुद्द त्या उत्पादनाला झालेली इजा वगळली आहे. हमीच्या अटी मोडल्याने मालमत्तेचे झालेले नुकसानही वगळले आहे. म्हणजे गाडीतल्या ओलाव्याने नियंत्रक बिघडून कोणी जखमी झाला तर हे प्रकरण लागू. गाडीच कुजली तर नाही. तेव्हा मालकाला पुन्हा जुन्याच वाटेने, 'वस्तूतील दोष' आणि 'सेवेतील त्रुटी' सिद्ध करीत जावे लागते.

न्यायालयांचे निर्णयही एका दिशेचे नाहीत. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका मारुती गाडीच्या प्रकरणात म्हटले की हमीनुसार कंपनीचे कर्तव्य सदोष भाग दुरुस्त करून वा बदलून देण्याचे आहे. त्यापुढे जाऊन सबंध गाडी बदलून देण्याचा आदेश देता येणार नाही. २०२१ मध्ये गोव्यातील एका ग्राहकाच्या प्रकरणात, विक्रेत्याने जुन्या वर्षाची गाडी गळ्यात बांधल्याबद्दल, उत्पादकाला त्याची माहिती होती असे दिसल्याखेरीज त्याला जबाबदार धरता येणार नाही, असा निर्वाळा मिळाला; कारण दोघांमधला करार स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला होता. ग्राहकाच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे. दारावर पाटी कंपनीची, गणवेश कंपनीचा, पण जबाबदारीची वेळ आली की विक्रेता निराळा आणि उत्पादक निराळा. तक्रारीत दोघांनाही प्रतिपक्ष करणे म्हणूनच आवश्यक ठरते.

याउलट २०२२ चा निर्णय दिलासा देणारा आहे. अपघातात हवेच्या पिशव्या न उघडलेल्या एका ह्युंदाई मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूचा निकाल कायम केला. टकरीचा वेग आणि बल यांचे गणित मांडण्याइतका ग्राहक पदार्थविज्ञानाचा पंडित असावा अशी अपेक्षा करता येत नाही, हा त्यातला विचार होता. हाच विचार पाण्याला का लागू होऊ नये? खांबाच्या पोटातली नळी कारखान्यात निसटली की नंतर, हे एखाद्या शिक्षकाने कशावरून सिद्ध करावे? गाडी उघडण्याची हत्यारे, आराखडे आणि जाणकार माणसे हे सारे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच ताब्यात असते.

ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्याने यावर साधा तोडगा काढला. वस्तू दिल्यापासून सहा महिन्यांत दोष आढळला तर तो मुळातच होता असे धरले जाते. तसा नव्हता हे विक्रेत्याने दाखवायचे. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात ही मुदत किमान एक वर्ष केली. आपल्या २०१९ च्या कायद्यात अशी तरतूद नाही. मोटारीपुरती तरी एका पूर्ण पावसाळ्याची, म्हणजे एक वर्षाची अशी मुदत ठेवली, तर कंपन्यांवर आभाळ कोसळेल असे नाही. बाहेरून बसवलेला स्पीकर वा फाडलेला पडदा दाखवून त्यांना आपला बचाव करता येईलच. फरक इतकाच की तपास त्यांना करावा लागेल.

आणि तो तपास अवघड नाही. एकाने बाहेरून पाइपाने गाडीच्या एकेका भागावर, खालून वर, पाणी सोडायचे आणि दुसऱ्याने आत बसून पाहायचे. गळती कोठून होते हे बहुतेक वेळा यातच कळते. एवढे केल्याखेरीज हमी नाकारता येणार नाही, आणि नाकारल्यास चाचणीचा निष्कर्ष लेखी द्यावा लागेल, असा दंडक केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने घालायला हवा. चाचणीविना दोष ठरविता येत नसेल तर वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठविण्याचा अधिकार जिल्हा आयोगांना १९८६ पासून आहेच. तो न वापरता 'तक्रारदाराने तज्ज्ञाचा अहवाल दिला नाही' म्हणून तक्रार फेटाळणे हे आयोगाने स्वतःचे काम तक्रारदाराच्या पाठीवर टाकणे होय.

तोवर मालकाने काय करावे हे मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था १९७५ पासून सांगत आल्या आहेत: जे बोलाल ते लिहून घ्या. ओल्या कार्पेटची तारखेसह छायाचित्रे घ्यावीत, नकार लेखी मागावा, मिळाला नाही तर तसे पत्र विक्रेता आणि उत्पादक या दोघांना पाठवावे. सध्याच्या नियमांप्रमाणे ५० लाखांपर्यंत किंमत मोजलेल्या वस्तूची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते आणि किंमत ५ लाखांच्या आत असेल तर शुल्कही लागत नाही. वकील देणे सक्तीचे नाही. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. 'पुढच्या सर्व्हिसिंगला बघू' या आश्वासनांत त्यातले दोन पावसाळे सहज निघून जातात.