साटेलोटे की कन्यादान?

आमचा पुतण्या एका मोठ्या विद्यापीठात एक सत्र काढून परवा भाट्याला आला. या प्रकाराला म्हणे विद्यार्थ्यांची देवाणघेवाण म्हणतात. २०२१ साली सरकारने श्रेयांकांची बँकच काढली. शिकायचे एकीकडे, जमा धरायचे दुसरीकडे. बेत झकास! पण मला सांगा, हा गेला, त्याच्या बदल्यात आमच्याकडे कोण आले? कुत्रंसुद्धा नाही! याला साटेलोटे म्हणत नाहीत हो, कन्यादान म्हणतात!

बरं, आमच्याकडे शिकवायला काय कमी आहे? १९५५ सालापासून इथे नारळ संशोधन केंद्र आहे. शेतकी कॉलेजची मुले खेड्यात सत्र काढतातच ना? मग वाणिज्यवाल्यांनी येऊन नारळाचा भाव झाडाखाली किती आणि मुंबईत किती, हे का मोजू नये?

चिरंजीव परत आले ते पायरीवर बसून म्हणाले, "काका, इथे शिकण्यासारखं आहे काय?" एवढे मात्र तो तिथे पक्के शिकला. त्याचे श्रेयांक कुठल्या बँकेत भरू?

भाट्याच्या खाडीचे पाणीसुद्धा ओहोटीला जाते आणि भरतीला मुकाट्याने परत येते. त्या पाण्याला कुठल्याच विद्यापीठाची पदवी नाही.