जिंकणारा संघ मोडताना

अमेरिकेतील बॉस्टन सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाने २०१६-१७ च्या हंगामात ८२ पैकी ५३ सामने जिंकून गतविजेत्या क्लीव्हलँडला मागे टाकले आणि पूर्व विभागात पहिले स्थान पटकावले. पुढे विभागाच्या अंतिम फेरीत क्लीव्हलँडनेच त्यांना ४-१ असे हरवले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात संघाचे व्यवस्थापक डॅनी एंज यांनी हा संघ जवळजवळ संपूर्ण बदलला. जुन्यांपैकी उरले अवघे चार.

गेलेल्यांत आयझेया थॉमस होता. उंची पाच फूट नऊ इंच. २०११ च्या खेळाडू-निवडीत तो साठावा, म्हणजे अगदी शेवटचा. त्याच खेळाडूने त्या हंगामात सामन्यामागे सरासरी २८.९ गुण मिळवले. एप्रिलमध्ये त्याची बहीण अपघातात गेली. दुसऱ्याच दिवशी तो मैदानात उतरला. तिच्या वाढदिवशी, २ मे रोजी, त्याने ५३ गुण केले. कमरेच्या सांध्याच्या दुखापतीने त्याचा हंगाम संपला आणि ऑगस्टमध्ये त्याला क्लीव्हलँडला देऊन कायरी अर्व्हिंगला आणण्यात आले.

एंज यांचे गणित निराधार होते, असे आम्ही म्हणणार नाही. अनपेक्षित यश पुन्हा मिळेलच याची हमी नसते. थॉमस जायबंदी होता आणि त्याचा करारही वर्षभरात संपणार होता. आमचा आक्षेप आहे तो या निर्णयाच्या समर्थनाला. २०२४ मध्ये बॉस्टन अजिंक्य ठरले, म्हणजे सारे योग्यच झाले, असे सांगितले जाते. परंतु अर्व्हिंग २०१९ मध्येच संघ सोडून गेला होता. अजिंक्यपदाचे दोन आधारस्तंभ, जेलन ब्राउन आणि जेसन टेटम, या सौद्याआधीच संघात आलेले होते.

शेवट गोड झाला म्हणून आधीची सारी प्रकरणे निर्दोष ठरत नाहीत, हे आपण कादंबरी शिकवताना विद्यार्थ्यांना बजावतो. मग खेळाचे वाचन करताना हा विवेक का सुटावा?

व्यवसायाच्या परिभाषेत खेळाडू ही ‘मत्ता’ असते. मत्तेचे ऋण कोणी मानत नाही. मराठीत मात्र ‘उतराई होणे’ असा एक शब्दप्रयोग आहे, आणि ‘गरज सरो, वैद्य मरो’ अशी एक म्हणही आहे. संघ बदलावाच लागतो. तो बदलताना यांपैकी कोणते वचन आपण खरे केले, एवढे तरी प्रामाणिकपणे सांगावे.