'रडू नकोस' म्हणण्याआधी



मागच्या महिन्यात आमच्या महिला मंडळात एक छोटा वाद झाला. गुरुवारी दुपारी बस्तीच्या सभागृहात आमचा स्वाध्याय असतो. तो संपल्यावर अर्धा तास इतर वाचन करायचं, असं आम्ही यंदा ठरवलंय. कुणी आरोग्यावरचं वाचतं, कुणी प्रवासवर्णन. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "इंदिरा संतांच्या कविता वाचूया."

मंडळातल्या एक ज्येष्ठ बाई लगेच म्हणाल्या, "अहो, त्या नवरा गेल्यावरच्या कविता ना? आपल्यात चार-पाच जणी एकट्या आहेत. त्यांना परत रडवायचं का? हे आर्तध्यान झालं."

मी गप्प बसले. त्यांचा मान मोठा, अभ्यासही मोठा. मी पंचांगावरचं वाचून माझी पाळी उरकली. पण तेव्हा बोलायला हवं होतं ते मनात राहिलंय, म्हणून इथे लिहिते.

आधी त्यांची बाजू नीट मांडते, कारण ती पोकळ नाही. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितलेत, त्यात इष्टवियोग आहेच. आवडतं माणूस गेलं आणि मन पुन्हा पुन्हा तिथेच घुटमळत राहिलं, तर ते आर्तध्यान. सहाव्या अध्यायाच्या अकराव्या सूत्रात तर आणखी स्पष्ट आहे. दुःख, शोक, आक्रंदन स्वतः केलं, दुसऱ्याला करायला लावलं, किंवा दोन्ही केलं, तरी असातावेदनीय कर्माचा आस्रव होतो. मग मुद्दाम शोकाची पुस्तकं उघडून बसणं म्हणजे कर्म घरी बोलावणं नाही का? प्रश्न रास्त आहे. मीसुद्धा वीस वर्षांपूर्वी हेच म्हणत होते. म्हणत कसली, एका बाईच्या तोंडावर म्हणाले होते.

ती बाई म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिचा मुलगा एकोणीस वर्षांचा असताना अपघातात गेला. घरात माणसं मावत नव्हती. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसून मोठमोठ्याने रडत होती. मी मोठी, सगळं सांभाळायची जबाबदारी माझी. मी तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "रडू नकोस गं. आर्तध्यान होतं. त्याच्या जिवाला पुढची गती चांगली मिळू दे, णमोकार म्हण."

ती गप्प झाली. त्या दिवसापासून ती माझ्यासमोर कधी रडली नाही. मला वाटलं, सावरली. सगळे म्हणायचे, धर्माचा आधार आहे म्हणून उभी राहिली. हळूहळू ती स्वाध्यायाला येईनाशी झाली. मुलाचं नाव घरात कुणी काढायचं नाही, हा न सांगता झालेला नियम होता. आणि तो नियम कुणी केला, तर मी.

पाच वर्षांपूर्वी माझे पती गेले. तेव्हा मलाही बायका तेच सांगायला आल्या. मी कॉमर्सची, त्यामुळे मला कामात लपणं सोपं गेलं. बँकेचे अर्ज, वारसनोंद, दुकानाची येणी-देणी, विम्याचे कागद. चार महिने मी फायली लावत होते. सगळे हिशेब जुळले. मला मात्र रात्री दीड-दोनला जाग यायची आणि छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं वाटायचं. सामायिकाला बसले की पाठ तोंडाने चालू आणि मन त्यांच्या चष्म्याच्या डबीत. बारा भावना पाठ आहेत हो, लहानपणापासून. अनित्य, अशरण, संसार… पण त्या ओळी माझ्यावरून पाणी वाहावं तशा वाहून जायच्या.

तेव्हा मुलीने कवितांचं ते पुस्तक आणून ठेवलं. नुसतं ठेवलं, वाच म्हणाली नाही.

इंदिरा संत आपल्या बेळगावच्या. तिथल्या शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवत होत्या. त्यांचे पती ना. मा. संत हेही लिहिणारे. दोघांच्या कवितांचा मिळून 'सहवास' नावाचा संग्रह 1940 साली निघाला होता. 1946 साली ते गेले. बाई तेव्हा जेमतेम बत्तीस वर्षांच्या, पदरात तीन मुलं. त्यांनी नोकरी केली, मुलं वाढवली आणि कविता लिहीत राहिल्या. 1951 साली 'शेला' आला, मग 'मेंदी', 'मृगजळ'. या कवितांत मोठा आक्रोश नाही. पाऊस असतो, संध्याकाळ असते, घरातली साधी वस्तू असते, आणि त्यातून माणूस नसल्याचं कळतं. वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, हे मला एकटीलाच होत नाहीये. चष्म्याच्या डबीत अडकलेलं मन आणखी कुणाचं तरी होतं. त्या दुपारी मी पोटभर रडले. आणि सांगते, त्या रात्री सामायिकात मन खरोखर बसलं.

मग मी पुन्हा सूत्रांकडे गेले. अकराव्या सूत्राच्या लगेच पुढे बारावं आहे. आपण अकराव्याशी थांबतो. बाराव्यात सातावेदनीयाची कारणं आहेत आणि त्यात पहिली येते ती अनुकंपा, प्राणिमात्रांबद्दलची आणि व्रतींबद्दलची. दुसऱ्याच्या पीडेने आपलं काळीज हलणं हा दोष नाही, तो गुण सांगितलाय. माझं दुःख मी कुरवाळत बसले तर ते आर्तध्यान. पण बेळगावच्या एका बाईचं, जिला मी कधी पाहिलं नाही तिचं दुःख माझ्या डोळ्यांत पाणी आणतं, तेव्हा माझा 'माझं, माझं' म्हणणारा शोक जरा बाजूला सरकतो. माझ्या मते ती अनुकंपाच आहे.

आणि दुसऱ्याला रडवण्याचं काय? त्याचंही उत्तर आपल्याच ग्रंथात आहे. याच अकराव्या सूत्रावर लिहिताना पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत वैद्याचं उदाहरण दिलंय. मुनींना झालेलं गळू दयाळू वैद्य कापतो. दुखतं तर खरंच. पण त्याच्या मनात क्रोध नाही, करुणा आहे, म्हणून नुसत्या दुखण्याच्या निमित्ताने त्याला पाप लागत नाही. म्हणजे पाहायचा तो भाव. टीव्हीवरच्या मालिका पाणी काढतात ते आपण चॅनेल बदलू नये म्हणून. चांगली कविता गळू कापते. दोन्हीकडे डोळ्यांना पाणी येतं, पण दोन्ही एक नव्हेत.

आता पुराणाकडे या. प्रथमानुयोग हा आपल्या चार अनुयोगांतला एक, आणि तो कथांचाच आहे. रविषेणाचार्यांचं पद्मपुराण सातव्या शतकातलं. त्यात लक्ष्मण गेल्यावर रामाची काय अवस्था होते, आठवतं? राम मानायलाच तयार नाही. त्या देहाला आंघोळ घालतो, भरवायला जातो, सहा महिने खांद्यावर घेऊन फिरतो. विभीषण, सुग्रीव येतात, संसाराचं स्वरूप सांगतात. बोलणं सगळं खरं, पण रामाच्या कानात शिरत नाही. दहनाचं नाव काढलं की तो रागावतो. ज्याला पुढे याच भवात मोक्ष मिळायचा, ज्याच्या मोक्षस्थानी आपण नाशिक जिल्ह्यात मांगीतुंगीला जाऊन डोकं टेकतो, त्याची ही गत! आचार्यांनी हे लपवलं नाही. रामाला कमीपणा येईल म्हणून गाळलं नाही.

पुढचं तर माझं सर्वांत आवडतं. जटायू आणि सेनापती कृतांतवक्त्र, दोघेही आता स्वर्गात देव झालेले, रामाला जागं करायला खाली येतात. ते उपदेश करत नाहीत. एक वाळक्या झाडाला पाणी घालतो. शिळेवर बी पेरलं जातं. पाणी घुसळून लोणी काढायचा खटाटोप चालतो, वाळू गाळून तेल काढायचा चालतो. राम म्हणतो, हा काय वेडेपणा? मग समोर कुणीतरी प्रेत खांद्यावर घेऊन येतं. रामाला ते खटकतं, आणि तेव्हाच त्याला स्वतःचा खांदा दिसतो.

मैत्रिणींनो, हे गोष्ट सांगणंच झालं की! जे समजावून कळलं नाही ते दुसऱ्याच्या रूपाने समोर आलं तेव्हा कळलं. गडकऱ्यांची 'राजहंस माझा निजला' ही कविता आपल्यातल्या कितीजणींना शाळेपासून माहीत आहे. मूल गेलंय आणि आई म्हणते, तो झोपलाय. ती आई आणि पद्मपुराणातला राम यांच्यात मला काहीच फरक दिसत नाही. एकाची कथा बस्तीत चालते, तर दुसरीची कविता का चालू नये?

हिशेबाच्या भाषेत सांगू का? दुकानात एखादं येणं बुडालं तर ते बुडीत खात्यात टाकतात. पण त्याआधी ते येणं वहीत लिहिलेलं असावं लागतं. जी रक्कम कधी नोंदलीच नाही, ती निर्लेखित कशी करणार? शोकाचंही तसंच आहे. 'हे गेलं, एवढं गेलं' हे एकदा नोंदलं गेलं की मग अनित्य भावना तिचं काम करते. नोंदच न करता आपण एकदम शेवटच्या पानावर जातो आणि ताळेबंद जुळला म्हणतो.

जावेकडे मी गेल्या वर्षी गेले. सोबत पुस्तकं घेतली होती. एक कवितांचं, एक प्रकाश नारायण संतांचं 'वनवास'. हे इंदिराबाईंचे चिरंजीव. त्यांचा लंपन आई-वडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहतो. 'वनवास' 1994 साली आलं आणि पुढे आणखी तीन पुस्तकं. वाचताना आपण हसत असतो, आणि शेवटच्या 'झुंबर'मध्ये लंपनचे वडील जातात. वडील गेले तेव्हा प्रकाश संत स्वतः नऊ वर्षांचे होते. आईने तो वियोग कवितेत मांडला आणि मुलाने पन्नास वर्षांनी कथेत.

मी तिला म्हटलं, "त्या दिवशी मी तुला रडू नको म्हणाले, ते चुकलं माझं."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अक्का, तुम्ही म्हणालात म्हणून नव्हे. पण नंतर कुणासमोर रडायचं, तेच कळेना."

कविता तिला आवडल्या नाहीत. लंपन आवडला. "आमचा असाच बडबड्या होता," म्हणाली. वीस वर्षांत पहिल्यांदा तिने स्वतःहून त्याचा विषय काढला. 'झुंबर' मात्र तिने अजून उघडलेलं नाही. कपाटात आहे. मीही विचारत नाही.

म्हणून काही गोष्टी सांभाळायच्या. ताज्या दुःखात, सुतकात कुणाच्या हातात पुस्तक देऊ नये. तेव्हा डबा न्यावा, शेजारी बसावं, गेलेल्याचं नाव घ्यावं. पुढे पुस्तक द्यायचं तर नुसतं ठेवून यावं, माझ्या मुलीने ठेवलं तसं. एकत्र वाचताना आधी सांगावं की विषय हा आहे, उठून जावंसं वाटलं तर जा. मरणाला कुरवाळणारं, जीव द्यायला उत्तेजन देणारं लिखाण टाळावं. आणि एखादी आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, तर तिला कविताही नको आणि सूत्रही नको, आधी डॉक्टरकडे न्यावं.

स्वाध्यायाची जागा या वाचनाने घ्यावी, असं मी म्हणत नाही. ग्रंथ ग्रंथाच्या जागी. पण पेरणीआधी जमीन भिजावी लागते, हे शेतकऱ्याच्या घरातल्या आपल्या किती जणींना ठाऊक आहे!

पुढच्या गुरुवारी माझी पाळी पुन्हा आहे. आधी त्या ज्येष्ठ बाईंच्या घरी जाऊन येणार आहे. वाद घालायला नाही. त्यांची थोरली बहीण गेल्या पावसाळ्यात गेली, आणि आमच्यापैकी कुणीच त्यांना तिच्याबद्दल काही विचारलेलं नाही.