थुंब्याचें ऋण

अग्निबाण आकाशांत झेपावतो, तेव्हां आपली दृष्टि साहजिकच वर जाते. तो ज्या भूमीवरून उडाला, तिच्याकडे वळून पाहणारे विरळाच. विद्यार्थिमित्रहो, आज मला त्या भूमीविषयींच दोन शब्द लिहावयाचे आहेत.

केरळांत तिरुवनंतपुरमजवळ थुंबा नांवाचें कोळ्यांचें खेडें आहे. पृथ्वीचें चुंबकीय विषुववृत्त त्याच्या अगदीं जवळून जातें, आणि त्या पट्ट्यांत सुमारें ११० किलोमीटर उंचीवर प्रबळ विद्युत्प्रवाह वाहत असतो. एवढ्या उंचीवर बलून पोहोंचत नाहीं व उपग्रह टिकत नाहीं; तेथें लहान अग्निबाणच पाठवावा लागतो. म्हणून डॉ. विक्रम साराभाई यांच्या मनांत ही जागा भरली. परंतु तेथें सेंट मेरी मॅग्डालीनचें चर्च होतें, बिशपांचें निवासस्थान होतें, आणि भोंवतीं भाविकांचीं घरें होतीं.

पुढें काय झालें, तें डॉ. अब्दुल कलाम आपल्या व्याख्यानांतून वारंवार सांगत असत. साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांस भेटले. बिशपांनीं लगेच होकार न देतां त्यांस रविवारच्या उपासनेस बोलाविलें, आणि तें मागणें सर्व मंडळीपुढें ठेवलें. मंडळीनें ‘आमेन’ म्हटलें. घरें सुटलीं, त्या कुटुंबांनीं नव्या जागीं संसार मांडले.

कलामांनीं ‘अग्निपंख’ या आत्मचरित्रांत तेथील दिवसांच्या आठवणी लिहिल्या आहेत. प्रार्थनेची खोली ही त्यांची पहिली प्रयोगशाळा आणि बिशपांची खोली हें आराखडे काढण्याचें दालन. २१ नोव्हेंबर १९६३ रोजीं पहिला अग्निबाण सोडावयाचा होता. अमेरिकेहून आलेल्या त्या अग्निबाणाची जुळणी चर्चच्याच इमारतींत झाली. ऐन वेळीं यारीच्या नळ्यांतून तेल गळूं लागलें, तेव्हां सर्वांनीं अंगबळानें तो उचलून जागेवर बसविला. त्या सायंकाळीं अग्निबाण उडाला.

‘साधनें तुटपुंजीं असलीं तरी निश्चयानें कार्य होतें,’ हा बोध या हकीकतींतून सारेच घेतात, व तो खराही आहे. परंतु माझ्या मतें तो अर्धाच आहे. ज्यांनीं अग्निबाण उचलला, ते कार्यकर्ते. मग ज्यांनीं त्याच्यासाठीं आपलीं घरें सोडलीं, ते कोण? माझें उत्तर असें कीं, तेही त्या कार्याचे कामकरीच होत.

यावर कोणी म्हणेल कीं, सरकारनें ती जमीन कायद्यानेंही घेतलीच असती. कदाचित् घेतली असती. परंतु कायद्यानें जमीन मिळते, आशीर्वाद मिळत नाहीं. दुसरा कोणी म्हणेल कीं, मोठ्या कार्यासाठीं लहानांनीं त्याग केलाच पाहिजे. हें मला मान्य नाहीं. त्याग मागण्याचा अधिकार फक्त त्यालाच, जो दारीं येऊन, समोर उभा राहून, नकार ऐकण्याची तयारी ठेवून मागतो. साराभाई त्या रविवारीं मंडळींत जाऊन बसले. थुंब्याचा खरा आरंभ मी तेथून मानतों. आणि तें प्रार्थनामंदिर पाडलें गेलें नाहीं. आज तेथें अंतराळविषयक संग्रहालय आहे. उपकार स्मरण्याची ही रीत मला कोणत्याही शिलालेखाहून थोर वाटते.

मुलांनो, तुमच्यांतील कोणी उद्यां अभियंते होतील, कोणी अधिकारी होतील. तुमच्या नकाशावरील एखादी रेघ कोणाच्या तरी अंगणांतून जाईल. तेव्हां रेघ ओढण्यापूर्वीं त्या दारावर थाप मारा. आणि पालकहो, ज्या शाळेंत आपलीं मुलें शिकतात, तिच्यासाठींही कोणीं तरी कांहीं सोडलें असेल. तें कोणीं, हें घरीं मुलांना अवश्य सांगा.